शहाण्णव कागद

१

"ही पाठमोरी बसली ना, की अगदी जगन बसलाय असं वाटतं."

सासूबाई हे मामंजींना म्हणाल्या तेव्हा मी मोरीच्या पडद्याआड ओले केस पंच्यात गुंडाळत उभी होते. दहा बाय पंधराच्या खोलीत खासगी बोलायची एक रीत असते: स्टोव्हच्या आवाजाआड बोलायचं. सासूबाईंनी स्टोव्ह चांगला भरारता ठेवला होता. पण त्याची हवा नेमकी तेव्हाच उतरली आणि ते एक वाक्य मला लख्ख ऐकू आलं.

मामंजी तसेही फार बोलत नसत.

लग्नाला सतरा दिवस झाले होते. घरातली माणसं मला पाठ होती. सासरे दत्ताराम, सासूबाई रमाबाई, नवरा वसंत, धाकटी नणंद शांती. लग्नपत्रिकेतही एवढीच होती. जगन नावाचं कुणी नव्हतं.

तेवढ्या दिवसांत मी दोन गोष्टी शिकले होते. मोरीतून बाहेर यायच्या आधी बादली जोरात आपटायची, आणि जे ऐकलं ते ऐकलंच नाही असं तोंड करायचं. मी बादली आपटली.

"चहा घे गो लतिका," सासूबाई म्हणाल्या. मी कप घेऊन खिडकीकडे वळले. मानेवर कुणी बघत असलं की तिथं ऊन पडल्यासारखं वाटतं. तसं वाटलं.

२

मी इन-बिटवीनर होते. लग्नाच्या बोलणीत हे कुणालाच नीट सांगता आलं नव्हतं. माझे वडील "चित्रकलेचं काम" म्हणाले, वसंतने घरी "ड्रॉइंगचं ऑफिस" सांगितलं. काम साधं होतं. कार्टूनच्या सिनेमात माणूस हात उचलतो, तेव्हा मोठा आर्टिस्ट दोनच चित्रं काढतो: हात खाली आणि हात वर. ती मुख्य चित्रं, त्यांना आम्ही 'की' म्हणायचो. मधली सगळी आमच्यासारख्यांनी काढायची. एक उतरता लाकडी खोका, आत बल्ब, वर काच. काचेवर पहिली की, तिच्यावर दुसरी, त्यावर कोरा कागद. खालच्या उजेडात दोन्ही रेषा दिसतात, आणि आपण त्यांच्या बरोब्बर मधून तिसरी ओढायची. आपलं असं काही काढायचं नाही. आपलं काही दिसलं तर कागद रद्द. सासरी नांदण्यासाठी याहून चांगली तालीम मला माहीत नाही.

स्टुडिओ दादरला, साड्यांच्या एका दुकानाच्या वर. त्या वर्षी तिथं टीव्हीसाठी तेरा भागांची मालिका चालली होती. शंभरेक वर्षांपूर्वीच्या परदेशी भयकथा, सगळ्या चित्रांतून. आमचे मुख्य आर्टिस्ट हेमचंद्र सर यांनी मला चौथ्या भागाचा शेवटचा सीन दिला. गोष्ट अशी: एक दमलेला प्रवासी सरायीत उतरतो. खोलीत आधीच एक माणूस खिडकीशी पाठमोरा बसलेला असतो. प्रवासी त्याला आपलं सगळं आयुष्य सांगतो, तो नुसती मान हलवतो. उजाडता उजाडता तो वळतो. संपली गोष्ट.

"आठ सेकंदांत वळतो," सर म्हणाले. "सेकंदाला बारा, म्हणजे शहाण्णव कागद. इतकं हळू वळवायचं की बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, वळतोय की नाही? ही पहिली की, ही तेहतिसावी, ही पासष्टावी. शेवटची, चेहऱ्याची, अजून जमत नाहीय मला. देतो मागून. आणि लतिका, हा सीन नीट झाला तर पुढच्या महिन्यापासून तुला इथं टेबल. खिडकीजवळचं नाही, पण टेबल."

टेबल. म्हणजे सकाळी नऊला चप्पल घालून बाहेर पडायचं आणि संध्याकाळी सहापर्यंत कुणाची सून नसायचं. त्यासाठी मी शहाण्णव काय, नऊशे साठ कागद काढले असते.

तोवर काम घरी. खोलीतला एकच मोकळा प्लग खिडकीपाशी होता, म्हणून खोका तिथं. मी काही मागायच्या आत सासूबाईंनी पोटमाळ्यावरून एक स्टूल काढून ठेवलं. पेन्सिलीची काजळी साडीला लागू नये म्हणून वरून जुना शर्ट घालावा लागतो, तर तोही त्यांनीच दिला. निळ्या रेघांचा, कॉलर उलटून शिवलेला.

"वसंतचा?" मी विचारलं.

"घाल गो. घरातलाच आहे."

स्टुलाचा डावा पाय आखूड होता. बसलं की डावा खांदा आपोआप खाली जायचा.

३

"जगन कोण?" मी शांतीला विचारलं. गॅलरीत आम्ही वाळलेले कपडे काढत होतो.

"कोणी सांगितलं तुला?"

"कोणी नाही."

"मग कोणी नाही." पण तिलाच राहवेना. शांती टायपिंगच्या क्लासला जायची आणि बोलायचीही तशीच: तडतड, मग घंटी वाजल्यासारखी एकदम गप्प. "मोठा भाऊ. वसंतदादाच्या वरचा. तुमच्याकडे मुद्दाम नाय सांगितलं. आई म्हणाली, मुलगी द्यायचे नाहीत."

"गेले का ते?"

"गेला म्हणजे? असा नाय गेला." तिनं चादरीची दोन टोकं माझ्याकडे दिली. "संप लागला तेव्हा दीड वर्ष तोपण घरीच, बाबांसारखा. मग एक दिवस पहाटे उठला आणि मिलच्या गाडीत बसून आत कामावर गेला. पोलिस घालून न्यायचे ना, तसा. संध्याकाळी आला तर अख्ख्या चाळीत कोण बोलेना त्याच्याशी. बाबा म्हणाले, पुन्हा मला तोंड दाखवू नकोस."

"मग?"

"मग नाय दाखवलं." आम्ही चादर घडी केली, एकमेकींकडे चालत गेलो, परत मागे आलो. "दुसऱ्या दिवसापासून मिलमध्ये पण गेला नाय. त्या स्टुलावर बसला, खिडकीकडे तोंड करून. जेवायचा पाठ करून, झोपायचा पाठ करून. आई मागून ताट सरकवायची. मोरीत जाताना भिंतीला तोंड लावून जायचा. मला आधी हसूच यायचं, वहिनी. चार महिने."

"आणि?"

"आणि एक दिवस दुपारी स्टूल रिकामं. बाबा दारातच बसलेले. आम्ही सगळे घरात. कोणाला कळलंच नाय." ती गॅलरीच्या कठड्याकडे बघत राहिली. "आई सांगते, सुरतेला आहे. मागावर लागला असेल कुठेतरी."

"फोटो नाही त्यांचा?"

"एक आहे, आत्येच्या लग्नातला. पण त्यात मान वळवून कोणाशी तरी बोलतोय. कानच दिसतो." मग ती हळू म्हणाली, "आईला त्याचं तोंड नीट आठवत नाय आता. तीळ इकडे होता का तिकडे, त्यावरून तिचं नि बाबांचं भांडण झालं एकदा. कोणाला बोलू नको."

मी कुणाला बोलणार होते? त्या घरात माझ्याशी सगळ्यात जास्त शांतीच बोलायची.

४

खिडकीतून मिलचं पत्र्याचं छप्पर आणि धूर नसलेली चिमणी दिसायची. चौथं वर्ष चालू होतं. कुणी कामावर परत गेलं होतं, कुणी गावी, कुणी वडापावची गाडी लावली होती. पण संप मिटला, असं कुणी येऊन सांगितलं नव्हतं. मामंजी अजून संपावरच होते. सकाळी दाढी करून, धुतलेला सदरा घालून ते दारात बसत, बोलावणं आलं तर तयार असावं म्हणून.

माझ्या कागदांकडे पहिल्यांदा त्यांचं लक्ष गेलं. पहिली की काचेवर होती: काळ्या कोटातली परदेशी पाठ, बारीक मान, कानामागे आलेले केस. ते पाणी प्यायला उठले होते. तांब्या हातातच राहिला.

"हा कोण गो?"

"सीनमधला माणूस, मामंजी. स्टुडिओतून आलाय."

"आलाय," ते म्हणाले. मग तांब्या ठेवून, "डावा खांदा बघ. मागावर वाकून वाकून असा होतो. कोट घातलान तरी लपत नाय."

त्यांनी सत्तावीस वर्षं माग चालवला होता. हजार धाग्यांत तुटलेला एक त्यांना लांबून दिसायचा, असं सगळे सांगत. मी चित्राकडे नीट पाहिलं. खांदा खरंच उतरलेला होता.

मी दादरला गेले तेव्हा सरांना विचारलं.

"अगं, पाठ आहे ती. पाठ कुणाचीही असते."

"पण कुणाला तरी बसवून काढलीत का?"

"बसवायला कशाला हवं? तो समोरचा बाक आहे ना, झाडाखालचा, तिथं एक जण बसायचा रोज. आमच्याकडे पाठ करून. फुकटचं मॉडेल."

मी खिडकीतून पाहिलं. बाकावर एक बाई वाटाणे सोलत होती.

"अजून येतो?"

"काय माहीत. सीन झाला की मी मॉडेल विसरतो."

मी स्वतःला समजावलं. या शहरात माग चालवून खांदा उतरलेली माणसं लाखभर तरी असतील, आणि त्यातली बहुतेक सध्या बाकांवरच बसलेली होती.

५

मधले कागद ओळीने काढत नाहीत. पहिला आणि तेहतिसावा यांच्या मधला सतरावा आधी, मग नववा, मग पंचविसावा. अर्धं, अर्ध्याचं अर्धं. हे घरात कुणाला कळायचं कारण नव्हतं. त्यांना एवढंच कळत होतं की गठ्ठा अंगठ्याखाली धरून भरभर सोडला की तो माणूस हलतो.

पहिल्यांदा शांतीने सोडून पाहिला आणि किंचाळली. मग सासूबाईंनी हात पुसून पाहिला. मग मामंजींनी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला, देवापुढे उदबत्ती लावून झाल्यावर, सासूबाई माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"आज किती वळला?"

त्यानंतर रोज. सातला खोलीतली ट्यूब लागायची, वसंत कचेरीतून आलेला असायचा, आणि चौघं माझ्या पाठीमागे उभे राहायचे. मी गठ्ठा सोडायची. माणूस एक केसभर वळायचा. मागे कुणीतरी श्वास सोडायचं.

"कान आला," सासूबाई म्हणायच्या.

"आधीपासून होता, आई," शांती.

"काल नव्हता."

मला वाईट वाटायचं नाही असं नाही. चेहरा विसरलेल्या आईला आणखी काय द्यायचं? त्या परदेशी माणसामुळे तिला जरा विसावा मिळत असेल तर मिळू दे, असं मी म्हणायचे. पण त्याबरोबर आणखी काहीतरी सुरू झालं होतं, आणि ते बोट ठेवून सांगता येत नव्हतं. मी स्टुलावर असले की सासूबाई मला नावाने हाक मारत नसत. चहा मागून यायचा, जुन्या पितळी पेल्यात. जेवणाचं ताटही मागून सरकवलं जायचं, सुक्या जवळ्याची चटणी वाढलेलं. मी माहेरी जवळा खात नव्हते. आता खात होते. उठून पाटावर जेवायला बसते म्हटलं तर त्या म्हणायच्या, "बस, बस. उठू नकोस."

काम संपलं की मी बल्ब बंद करायची. बंद खोक्याची काच काळी होते आणि ट्यूबच्या उजेडात छान आरसा होते. मी त्यात केस सारखे करायची. माझ्या तोंडाच्या मागे चौघांची तोंडं दिसायची, सगळी माझ्या मानेकडे बघणारी.

६

वसंतशी बोलायचं तर खोलीबाहेरच. रविवारी भाजी घ्यायला म्हणून आम्ही दोघं खाली उतरलो.

"तुम्ही मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगणार? मोठा भाऊ आहे, पण तोंड दाखवत नाही?" तो कोथिंबिरीची जुडी उलटसुलट करत राहिला. वसंत वाईट माणूस नव्हता. टपाल खात्यात होता, आणि पत्ता नसलेली पत्रं ज्या टेबलावर जातात त्या टेबलावर बसायचा. "आईला जरा बरं वाटतंय, लतिका. चार दिवस. मग तू स्टुडिओत जाशीलच की."

"जाईन ना?"

"जाशील म्हणजे काय."

त्याने जुडी घेतली. परत येताना जिन्यात त्याने माझा हात धरला, चाळीत कुणी बघत नसताना. मला इतकं हलकं वाटलं की वर आल्या आल्या मी शर्ट चढवला आणि कामाला बसले.

थोड्या वेळाने त्याने मागून पितळी पेला ठेवला.

"दादा, चहा," तो म्हणाला.

मी वळून पाहिलं. वसंत हसला, कान लाल झाले होते. "सॉरी, सॉरी. शर्टामुळे."

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. पण त्या ओठांतल्या ओठांत हसत होत्या, लेकराने पहिला शब्द बोलावा तशा.

७

पुढच्या मंगळवारी पासष्टाव्यापर्यंतचे कागद पूर्ण झाले. त्यापुढे काही करता येत नव्हतं. हे नीट सांगते, कारण मी स्वतःलाही असंच सांगत होते. मधलं चित्र काढायला दोन टोकं लागतात. शेवटची की आलेली नव्हती. शेवट माहीत नसताना मधलं काढताच येत नाही. मग तो हात माझा असो की आणखी कुणाचा.

बुधवारी सकाळी गठ्ठ्यात अडुसष्ट कागद होते.

मी दोनदा मोजले. सहासष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट. कोपऱ्यात आकडेही घातलेले. माणूस वळत होता. गालाचं हाड दिसायला लागलं होतं.

माझ्या मनाने एकेकाला उभं केलं. मामंजींचा हात कापतो, ते चहा बशीत सांडतात. सासूबाईंना पेन्सिल धरता येत नाही. शांतीने रांगोळीत मोर काढला तर लोक बदक म्हणतात. वसंतने एकदा मला आंबा काढून दाखवला होता. मग राहिले मी. दमलेला माणूस झोपेत उठून पाणी पितो, दार लावतो. कागदही काढत असेल. पण माझी रेघ गोलाईवर जराशी कचरते, सर नेहमी बोलायचे. ही कुठेच कचरली नव्हती. ज्याला शेवट माहीत आहे त्याची रेघ होती ती.

गुरुवारी एकाहत्तर. शुक्रवारी चौऱ्याहत्तर.

शुक्रवारी रात्री मी सगळा गठ्ठा उशाखाली घेऊन झोपले. शनिवारी सकाळी उशी तशीच होती, गाठ मारलेली दोरी तशीच होती, आणि कागद सत्त्याहत्तर.

"हे कुणी काढले?" मी न राहवून विचारलं.

मामंजी दारात बसले होते. त्यांनी बाहेर बघतच सांगितलं, "धागा तुटला की जोडायचा असतो. कोणी जोडला ते मागाला विचारत नाय कोण."

"आई?"

"तूच बसतेस ना तिथे," सासूबाई म्हणाल्या. अगदी मायेने.

८

मी ठरवलं, उरलेलं काम दादरलाच करायचं. सोमवारी दुपारी खोक्याचा प्लग काढला आणि शर्टाची बटणं सोडायला लागले.

"कुठे?" सासूबाई म्हणाल्या.

"सरांकडे बसून संपवते. लवकर होईल."

त्या उठून माझ्यापाशी आल्या. माझ्यासमोर नाही, मागे. वयस्क माणसाचे हात, कांद्याचा वास येणारे, माझ्या दोन्ही खांद्यांवर आले आणि डावा खांदा त्यांनी हलकेच खाली दाबला.

"चार महिने मी मागूनच बघितलं," त्या म्हणाल्या. "एकदा समोर जाऊन उभी राहिले असते तर काय झालं असतं? पण यांचा शब्द. यांच्या शब्दापुढे मी कधी गेले नाही. आता वळतोय तर तू उठून चाललीस?"

"आई, ते चित्र आहे."

"मग बस की. चित्राला काय घाबरायचं?"

मी खोका तिथंच ठेवला, शेवटची की आणायला जाते म्हणून सांगितलं, आणि शर्टावरच पदर घेऊन निघाले. लालबागच्या स्टॉपवर आल्यावर लक्षात आलं की शर्ट अजून अंगावर आहे, आणि मी डाव्या बाजूला कलून चालतेय.

९

"शेवटची की?" हेमचंद्र सर म्हणाले. "ती दिली की मी. शनिवारी."

"कुणाकडे?"

"तुझ्या घरचे आले होते न्यायला. भाऊ ना तुझ्या मिस्टरांचे? म्हणाले, लतिकाने पाठवलंय."

खाली रस्त्यावर कुणीतरी फुलांचा भाव ओरडत होतं. मी टेबलाची कड धरली. तेच टेबल, मला मिळणार असलेलं. त्यावर कुणीतरी माझ्यासाठी नवा ब्लॉटिंग पेपर घालून ठेवला होता.

"कसे दिसतात?" मी विचारलं. "म्हणजे, कोण आलं होतं ते कळायला."

"कसे म्हणजे?" सर विचारात पडले. "मी दुसऱ्या सीनची टेस्ट फिल्म बघत होतो. ते त्या दारापाशी उभे, जिन्याकडे तोंड करून. घाईत असतील. हात मागे केला, मी पाकीट दिलं. खांदा जरा..." ते थांबले. मग हसले. "चेहरा नाही बघितला बुवा. मला चेहरे जमतच नाहीत सध्या. हा सीन तरी बघ ना. शेवटची की म्हणून नुसती बाह्यरेषा दिलीय. आत काही नाही. दर वेळी काढतो, दर वेळी खोडतो."

मी माझ्या बुद्धीला शेवटचं काम दिलं. शनिवारी वसंतची कचेरी अर्धा दिवस असते. वसंतच आला असेल. लाजून तोंड वळवून उभा राहिला असेल. मी परतताना हे इतक्यांदा म्हटलं की चाळीच्या जिन्यापर्यंत ते जवळजवळ खरं झालं होतं. दारातच वसंत भेटला, कचेरीतून नुकताच आलेला.

"शनिवारी तुम्ही दादरला गेला होतात?"

"शनिवारी? शनिवारी मी उशिरापर्यंत टेबलावर होतो. का गं?"

१०

स्टुलासमोर गठ्ठा नीट रचलेला होता. मी मोजला नाही. वरच्या कागदाच्या कोपऱ्यात ९६ लिहिलं होतं. सरांच्या हाताने.

सात वाजले. उदबत्ती लागली, ट्यूब दोनदा फडफडून पेटली. चौघं मागे येऊन उभे राहिले. आज सासूबाईंनी नवं लुगडं नेसलं होतं, त्याची सळसळ कळली. मामंजींनी कित्येक दिवसांनी दार सोडलं होतं. दार उघडंच होतं.

"सोड गो," सासूबाई म्हणाल्या.

मी गठ्ठा अंगठ्याखाली धरला आणि सोडला. कान, गालाचं हाड, भुवईची कड. माणूस वळला, आणि शेवटच्या कागदावर त्याची बाह्यरेषा आमच्याकडे तोंड करून होती. आत काहीच नव्हतं. कोरा कागद.

मागे कुणी श्वास सोडला नाही.

"नाही," सासूबाई म्हणाल्या. "हा नाही. पुन्हा सोड."

"कागद संपले, आई."

"मग तू वळ," त्या म्हणाल्या. आवाज अगदी हळू होता. "एकदाच. हळू वळ. त्याच्यासारखी."

"लतिका, वळ ना," वसंत म्हणाला. थकल्यासारखा. शांतीचं हुंदक्यासारखं काहीतरी ऐकू आलं.

मला माहीत होतं, आत्ता या शर्टात, या स्टुलावरून, हळू वळले तर त्यांना जे बघायचंय तेच ते बघतील. आणि मग रोज सातला बघतील. दादरच्या टेबलावरचा तो ब्लॉटिंग पेपर तसाच कोरा राहील. आणि मीही हळूहळू वळायला शिकेन. मला मधलंच काढता येतं. दोन टोकं दिली की मी कुठेही जाते.

मी हात लांब करून बल्ब बंद केला. काच काळी झाली.

त्यात मी होते. माझ्या मागे मामंजींचं टक्कल, सासूबाईंचा अंबाडा आणि मोठं कुंकू, वसंतचा चष्मा, शांतीच्या दोन वेण्या. चार तोंडं, माझ्या मानेकडे बघणारी. आणि वसंत आणि मामंजी यांच्या मध्ये, जिथं एका माणसापुरती जागा होती, तिथं तोंड नव्हतं. बारीक मान होती. कानामागे आलेले केस. माझ्या अंगावरच्याच निळ्या रेघा. तो दाराकडे तोंड करून उभा होता, आमच्याकडे पाठ.

पहिला कागद, माझ्या मनात आलं.

मग नववा. कुणाला दिसलं नसतं, पण मी ती मान साठेक वेळा ओढली होती. सतरावा. चौघांना काही कळलं नाही. त्यांची नजर माझ्यावरच खिळलेली. तेहतिसावा. कान आला. मला बरोब्बर माहीत होतं माझ्यापाशी किती वेळ आहे. आठ सेकंदांतले तीन गेले होते. पासष्टाव्यानंतर काय येतं ते मात्र मी काढलेलं नव्हतं. ते ज्याने काढलं होतं तो ते आता करून दाखवणार होता.

मी शर्टाची बटणं सोडली. तो काढून स्टुलावर ठेवला. उभी राहिले, तोंड खिडकीकडेच ठेवून, आणि भिंतीला धरून बाजूला झाले. आखूड पायावर स्टूल एकदा डगमगलं आणि थांबलं. त्या घरात मी कधी कुणाला काही सांगितलं नव्हतं. आवाज फुटेल की नाही याचीच शंका होती. फुटला, आणि बऱ्यापैकी मोठा फुटला.

"सरका जरा," मी म्हणाले. "भावोजींना बसू द्या. आणि मामंजी, त्यांना हाक मारायची तर मागं बघून मारा. मी लतिका आहे."